ट्रकच्या कारखान्यावरचा सडा

ऑक्टोबर १९६९ मध्ये डेट्रॉइटजवळची रूज नदी पेटली. पाण्यावर तेलाने माखलेला कचरा तरंगत होता, त्याने आग धरली. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या ओहायो राज्यातली कायाहोगा नदीही पेटली होती. नदीला आग लागते हे अमेरिकेने उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि १९७२ साली तिथे स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. रूजच्या काठावर तेव्हा जो कारखाना होता, तो आजही आहे. हेन्री फोर्डने १९१७ मध्ये तिथे बांधकाम सुरू केलं. एका बाजूला जहाजांतून लोहखनिज आणि कोळसा उतरायचा, दुसऱ्या बाजूने तयार मोटारी बाहेर पडायच्या. भरभराटीच्या काळात एक लाखावर माणसं इथे कामाला होती. या आवारात ट्रक जोडणीची एक इमारत आहे आणि तिच्यावर २००३ साली पूर्ण झालेलं १०.४ एकरांचं हिरवं छप्पर आहे. ते पाहायला मी डिअरबॉर्नला गेले.

माझी भाची तिथून जवळच, नोव्हायला राहते. "मावशी, कारखाना बघायच्या आधी त्याचं चित्र बघ," म्हणून तिने मला आधी डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात नेलं. दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने १९३२-३३ मध्ये तिथल्या एका दालनाच्या चारही भिंतींवर हाच रूज कारखाना रंगवला आहे. भट्ट्या, सरकते पट्टे, वाकलेले कामगार. वरच्या पट्टीत चार अवाढव्य स्त्रिया आहेत आणि त्यांच्या मुठींत कोळसा, लोहखनिज, वाळू आणि चुनखडी. जमिनीतून काय काय उपसलं म्हणजे मोटार होते, ते रिव्हेराने इतकं स्पष्ट मांडलंय की कारखान्याकडे जाताना माझ्या डोक्यात त्या मुठीच होत्या. हिरवं छप्पर हा त्या उपशापुढे एक छोटासा परतावा आहे. तो किती छोटा आणि किती खरा, हे मला समजून घ्यायचं होतं.

हेन्री फोर्ड संग्रहालयापासून बसने कारखान्याच्या आवारात नेतात. तिथे सुमारे ८० फूट उंचीवर काचेचा एक सज्जा आहे, त्याखाली छप्पर पसरलेलं असतं. बाग म्हणावं असं त्यात काही नाही. झाड नाही, कारंजं नाही, फिरायची वाट नाही. लांबच लांब सपाट पृष्ठभाग, मधूनमधून उजेडासाठी ठेवलेले काचेचे झरोके आणि बाकी सगळीकडे बुटकी, मांसल पानांची, हिरवट-तांबूस वनस्पती. सप्टेंबर संपत आला होता आणि तांबूसपणा वाढू लागला होता.

या वनस्पती म्हणजे सेडम. आपल्या अंगणातल्या पानफुटीचं कूळ आणि सेडमचं कूळ एकच. या कुळातल्या झाडांची एक खोड आहे: ती पानांची रंध्रं दिवसा मिटून घेतात, रात्री गारव्यात उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हा साठवून ठेवतात आणि दिवसा ऊन आलं की मिटल्या रंध्रांनिशी त्याचं अन्न करतात. पाणी वाचवायची ही युक्ती. त्यामुळे जिथे माती जेमतेम तीन-चार बोटं आहे, उन्हाळ्यात सगळं वाळून जातं आणि हिवाळ्यात बर्फाखाली गोठतं, तिथेही सेडम तग धरतं.

मी मूळची साताऱ्याची. त्या सज्ज्यातून खाली पाहताना मला कासचं पठार आठवल्याशिवाय राहिलं नाही, आणि ते आठवणं नुसतं घरच्या ओढीचं नव्हतं. कासचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. मूळ खोल जायला जागा नाही म्हणून मोठं झाड नाही. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात कातळ तापून फुफाटा होतो. अशा जागी गेंद, सीतेची आसवं, तेरडा, सोनकी ही मंडळी आपापला काळ साधून उगवतात, फुलतात, निघून जातात. कारखान्याचं सपाट छप्पर हा माणसाने बांधलेला सडाच आहे. खाली कातळ, वर बोटभर माती, चारही बाजूंनी वारा. तिथे बागेतली झाडं लावायला गेलं तर खत-पाण्याचा जन्मभराचा खर्च मागे लागतो. सड्यावरची झाडं लावली तर ती आपलं आपण बघतात. डिअरबॉर्नच्या छपराचं सगळं शहाणपण या निवडीत आहे.

छपराची रचना समजायला अवघड नाही. सर्वांत खाली छपराचा पत्रा आणि त्यावर पाणी न झिरपू देणारा पडदा. मग मुळांना अडवणारा थर, मग पाणी वाहून जायला वाट देणारा थर, मग पाणी शोषून धरणारा नमद्यासारखा थर आणि शेवटी माती. शेतातली माती इथे चालत नाही, कारण ती भिजली की भलतीच जड होते आणि दबून दगड होते. म्हणून भाजून फुगवलेले हलके खडे, वाळू आणि थोडं कंपोस्ट असं मिश्रण वापरतात. सेडम आधी जमिनीवर चटयांवर वाढवलं, मग चटया गुंडाळून वर नेल्या आणि उलगडल्या. कुठली जात टिकेल याच्या चाचण्या मिशिगन स्टेट विद्यापीठाने आधीच घेतल्या होत्या.

आता पाण्याचा हिशोब. १०.४ एकर म्हणजे सुमारे ४२ हजार चौरस मीटर. त्यावर एक इंच पाऊस पडला की १० लाख ६० हजार लिटरांहून अधिक पाणी जमा होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभरावर टँकर. साध्या डांबरी छपरावरून हे सगळं पाणी काही मिनिटांत पन्हळींतून गटारात आणि गटारातून नदीत जातं. जाताना वाहनतळावरचं तेल, धूळ आणि धातूंचे कण घेऊन जातं. रूज नदीची जी दशा झाली होती तिच्यात कारखान्याने थेट सोडलेल्या घाणीबरोबर या पावसाळी लोंढ्याचाही वाटा होता. सेडमचं छप्पर त्यातलं बरंचसं पाणी धरून ठेवतं. काही झाडं पितात, काही उन्हाने उडून जातं आणि उरलेलं सावकाश, पाऊस ओसरल्यावर, खाली उतरतं. हा उशीरच महत्त्वाचा असतो. गटाराची कसोटी दिवसभरात किती पाणी आलं याने लागत नाही, एका तासात किती आलं याने लागते.

हे सगळं हौसेपोटी झालं नाही. बिल फोर्ड १९९९ च्या सुरुवातीला कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यानंतर महिनाभरात या आवारातल्या वीजघरात स्फोट होऊन सहा कामगार दगावले. जुना, काळवंडलेला कारखाना बंद करून दुसरीकडे जाणं सोपं होतं. फोर्ड यांनी तिथेच राहून नव्याने बांधायचं ठरवलं आणि विल्यम मॅकडोनो या वास्तुविशारदाला बोलावलं. पावसाच्या पाण्याबद्दलचे नवे नियम डोक्यावर होतेच. जमिनीखाली नळ आणि टाक्या घालून नियम पाळायचे तर सुमारे ५ कोटी डॉलर लागले असते आणि छप्पर, पाणी मुरवणारे वाहनतळ, चर आणि पाणथळ यांची मिळून केलेली व्यवस्था त्याहून पुष्कळ स्वस्त पडली, असं मॅकडोनो सांगत आले आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. हिरवाई म्हणजे नफ्यातून बाजूला काढलेलं दान, असं आपल्याकडे समजतात. इथे तिने नळांची जागा घेतली. ती कारखान्याच्या यंत्रसामग्रीचाच भाग झाली आणि म्हणून टिकली.

छप्पर अंथरल्यावर थोड्याच दिवसांत त्यावर किलडिअर नावाच्या पक्ष्याने अंडी घातली, अशी नोंद आहे. किलडिअर म्हणजे आपल्या टिटवीचा भाऊबंद. तोही घरटं विणत नाही, उघड्यावर खड्यांत अंडी घालतो आणि जवळ कोणी गेलं की ओरडून परिसर डोक्यावर घेतो. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की सखलात, यावरून आपले शेतकरी पावसाचा अंदाज बांधत आले. कारखान्याच्या छपराइतका उंचवटा मात्र कुठल्याच टिटवीने पाहिला नसेल.

आता कार्बन. 'हिरवं छप्पर हवेतला कार्बन शोषून घेतं' हे वाक्य माहितीपत्रकांत हमखास असतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्याच संशोधकांनी २००९ मध्ये त्याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. सेडमच्या छपराने दोन हंगामांत, मुळं-पानं आणि माती मिळून, चौरस मीटरमागे सुमारे ३७५ ग्रॅम कार्बन साठवला. डिअरबॉर्नच्या संपूर्ण छपराला हा आकडा लावून पाहिला तर सोळा टनांच्या आसपास कार्बन होतो. त्याचा कार्बन डायऑक्साइड केला तर साठ टनांच्या आत. अमेरिकेतली एक सरासरी मोटार वर्षाला साडेचार टनांहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे दोन हंगामांचा साठा जेमतेम बारा-तेरा मोटारींच्या एका वर्षाच्या धुराइतका, आणि एवढ्या गाड्या त्या छपराखालून एका तासाच्या आत बाहेर पडतात. हे लिहिताना छपराची किंमत कमी करायचा माझा हेतू नाही. पाणी धरणं, उष्णता रोखणं, नाजूक पडद्याला ऊन-थंडीपासून जपून छपराचं आयुष्य वाढवणं आणि जीवजंतूंना जागा देणं ही त्याची खरी कामं आहेत आणि ती ते चोख करतं. कार्बनचं ओझं त्याच्या माथी मारलं तर ते नापास होईल आणि मग त्याची बाकीची कामंही लोक विसरतील.

डिअरबॉर्नहून शिकागोला रेल्वेने गेले. वाटेत मिशिगन ओलांडून इंडियानात शिरताना रुळांच्या दोन्ही बाजूंना गोदामं लागतात, एकेक दहा-दहा एकरांचं. त्यांची छपरं बहुतेक पांढरी आहेत. पांढरं छप्पर ऊन परतवतं, स्वस्त असतं, हलकं असतं आणि नुसत्या उष्णतेचा विचार केला तर त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण ते पाण्याचा थेंबही धरत नाही.

शिकागोची नगरपालिका इमारत १९११ सालची आहे. ही एकच वास्तू दोन घरांत वाटलेली आहे: पश्चिमेचा अर्धा भाग शहराचा, पूर्वेचा अर्धा कुक काउंटीचा. जुलै १९९५ मधल्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांतले बरेचसे म्हातारे, एकटे राहणारे, विटांच्या इमारतींच्या तापलेल्या खोल्यांत अडकलेले. त्यानंतर शहर थंड कसं करायचं या प्रश्नाला धार आली. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी पर्यावरण खात्याच्या मदतीने शहराच्या बाजूचं अर्धं छप्पर, सुमारे २० हजार चौरस फूट, हिरवं केलं. दीडशेच्या आसपास जातींची वीस हजारांवर रोपं लावली आणि वर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. काउंटीचं अर्धं छप्पर काळं डांबरीच राहिलं. त्यामुळे तुलनेची फार चांगली सोय झाली: इमारत एकच, ऊन एकच, वारा एकच.

ऑगस्ट २००१ मधल्या एका कडक दुपारी मोजमाप झालं. काळ्या बाजूचा पृष्ठभाग ७६ अंश सेल्सिअस, हिरव्या बाजूचा जागेनुसार ३३ ते ४८ अंश. या आकड्यांत एक मेख आहे, ती समजून घ्यायला हवी. हे पृष्ठभागाचं तापमान आहे. छपराला लगटून असलेल्या हवेतला फरक सुमारे ४ अंशांचा होता. रस्त्यावर चालणाऱ्याला तो त्याहून कितीतरी कमी लागणार, आणि एका छपराने तर लागणारच नाही. तरीही ४ अंश थोडे नव्हेत. छपरावरची वातानुकूलन यंत्रं हीच हवा ओढून घेतात आणि हवा जितकी थंड तितकी त्यांना वीज कमी लागते. हा गारवा येतो कुठून, तर बाष्पीभवनातून. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जाते. पाणी नसेल तर गारवाही नाही. म्हणजे इथेही मूळ हिशोब पाण्याचाच. सेडम पाणी जपून वापरतं म्हणून टिकतं, पण त्याच कारणाने ते गवतापेक्षा कमी गारवा देतं. शिकागोच्या छपरावर माती काही ठिकाणी जास्त खोल ठेवून तिथे प्रेअरीतलं उंच गवत आणि फुलझाडं लावली आहेत. त्यासाठी खालच्या बांधकामाची ताकद तपासावी लागली.

हे छप्पर सर्वांसाठी उघडं नाही. भाचीच्या मैत्रिणीचं ऑफिस आसपासच्या एका उंच इमारतीत आहे, तिच्या खिडकीतून मी ते निवांत पाहिलं. पिवळसर गवत वाऱ्यावर लवत होतं आणि दोन मालकांमधली हद्द वरून आखल्यासारखी दिसत होती.

हिरव्या भिंतींबद्दलही मला शिकागोतच काहीतरी सापडलं. भाची म्हणाली म्हणून रिगली फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर गेले. च्युइंगगमवाल्या रिगली घराण्याचं ते मैदान होतं. त्याच्या विटांच्या भिंतीवर १९३७ साली बिल व्हेक यांनी वेल लावला. तो आजही भिंत झाकून आहे. जमिनीत मूळ, भिंतीवर पाय. उन्हाळ्यात पानांची दाट सावली, थंडीत पानं गळून भिंतीला ऊन. नळ नाही, पंप नाही, विजेचं बिल नाही. आणि याच इलिनॉय राज्यात, शिकागोच्या दक्षिणेला अर्बाना इथल्या विद्यापीठात, स्टॅनली हार्ट व्हाइट नावाचे भूदृश्यरचनेचे प्राध्यापक तेव्हा उभ्या भिंतीवर झाडं वाढवण्याची चौकट तयार करत होते. लेखक ई. बी. व्हाइट यांचे ते भाऊ. १९३८ मध्ये त्यांना तिचं पेटंट मिळालं. आज मोठ्या कंपन्यांच्या दर्शनी भागात ज्या 'जिवंत भिंती' दिसतात, त्यांचं पहिलं पेटंट हेच मानतात. एकच काळ, एकच राज्य आणि भिंत हिरवी करायच्या दोन वाटा.

दुसऱ्या वाटेने पुढे खूप मजल मारली. पिट्सबर्गमध्ये पीएनसी बँकेने २००९ मध्ये आपल्या मुख्यालयाच्या बाहेरच्या भिंतीवर सुमारे २,४०० चौरस फुटांची हिरवी भिंत बसवली, तेव्हा ती उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी म्हणून गाजली. सिॲटलला ॲमेझॉनच्या काचेच्या गोलांत, २०१८ पासून, चार मजली उंचीची भिंत झाडांनी भरलेली आहे. काम करणाऱ्याला झाडं दिसावीत, डोळे निवावेत, हे चांगलंच आहे. पण काचेच्या आतल्या भिंतीवर पाऊस पडत नाही, मधमाशी येत नाही आणि रस्त्यावरच्या माणसाला तिची सावली मिळत नाही. तिला सतत पाणी आणि खत नळीतून द्यावं लागतं. पंप बिघडला तर काही दिवसांत झाडं माना टाकतात. शहराच्या पर्यावरणाला भिंतीपासून काय मिळालं असं कोणी विचारलं, तर मी रिगलीच्या वेलाकडे बोट दाखवीन.

न्यूयॉर्कमध्ये मला ब्रुकलिन ग्रेंज या छपरांवर शेती करणाऱ्या कंपनीची शेती पाहायची होती. क्वीन्समधल्या लाँग आयलंड सिटी भागात नॉर्दर्न बुलवर्डवर १९१९ सालची सहा मजली काँक्रीटची इमारत आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीची ती एकेकाळी होती. तिच्या छपरावर २०१० साली साडेचार लाख किलोंहून अधिक माती क्रेनने चढवली गेली आणि सुमारे एक एकराची शेती सुरू झाली. टोमॅटो, मिरच्या, केल, सॅलडची पानं. वाफ्यांच्या पलीकडे सनीसाइडचं रेल्वेचं प्रचंड आवार आणि त्यापलीकडे मॅनहॅटनचे मनोरे. हंगामात ठरावीक दिवशी बाहेरच्यांना वर येऊ देतात. माती हातात घेतली तर चिकटत नाही, खड्यांची आणि हलकी. आपल्या काळ्या मातीची सवय असलेल्याला ती माती वाटणारच नाही, पण तिच्यात उगवलेला टोमॅटो पुरता टोमॅटो होता. शंभर वर्षांपूर्वीच्या कारखानदारांनी जड यंत्रांसाठी जाड स्लॅब घातले, ते आज या मातीला पेलतात.

ब्रुकलिन ग्रेंजची दुसरी शेती मला धोरणाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटली. ब्रुकलिन नेव्ही यार्डमध्ये ६५ हजार चौरस फुटांची ही शेती २०१२ मध्ये झाली ती शहराच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या अनुदानातून, आणि ते अनुदान भाजीसाठी नव्हतं, पाण्यासाठी होतं. न्यूयॉर्कच्या सुमारे साठ टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. पाऊस जरा जोरात झाला की शुद्धीकरण केंद्र तुंबतं आणि मैलामिश्रित पाणी थेट ईस्ट रिव्हरमध्ये सोडावं लागतं. जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधायच्या तर अफाट खर्च. त्यापेक्षा छपरावर पाणी धरणाऱ्याला पैसे देणं शहराला परवडतं. वर्षाला दहा लाख गॅलनांहून अधिक पाणी ही एक शेती गटारापासून लांब ठेवते.

१ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाने सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पाडला. शहरात तेरा जण गेले, त्यांतले बहुतेक तळघरातल्या भाड्याच्या खोल्यांत बुडून, आणि त्यात क्वीन्समधली माणसं जास्त. या भागात फिरताना मला रस्त्याच्या पातळीखालच्या खिडक्या दिसत राहिल्या. अशा रात्री हिरवी छपरं पुरी पडतील असं कोणी म्हणू नये. ती पहिले वीस-पंचवीस मिलिमीटर धरतात, पुढचं पाणी त्यांच्यावरूनही वाहतं. पण ती आहेत तरी किती? २०१६ च्या हवाई छायाचित्रांवरून झालेल्या मोजणीत शहरातल्या दहा लाखांहून अधिक इमारतींपैकी फक्त ७३० इमारतींवर हिरवं छप्पर सापडलं. २०१९ च्या दोन स्थानिक कायद्यांनी नव्या इमारतींवर हिरवं छप्पर किंवा सौरपट्ट्या बंधनकारक केल्या. सॅन फ्रान्सिस्कोने असा नियम २०१७ पासूनच लागू केला होता. डेन्व्हरमध्ये तर नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरिकांनीच मतदानाने हा कायदा करून घेतला. जुन्या इमारतींचे मालक वजनाच्या चिंतेने अस्वस्थ झाले आणि पुढच्या वर्षी नगरसभेने त्यात इतर पर्याय घालून तो सैल केला. मला त्यात पराभव दिसत नाही. वजनाची चिंता खरी आहे.

ती आपल्याकडे तर फारच खरी आहे. चाकण, तळेगाव, वाळूज इथल्या औद्योगिक वसाहतींतून जाताना डिअरबॉर्नच्या तोडीची छपरं दिसतात, सगळी पत्र्याची. दुरुस्तीला माणूस चढण्यापलीकडे ज्या छपरावर वावर नाही, त्याच्यासाठी भारतीय मानक चौरस मीटरला ७५ किलो एवढाच जादा भार धरतं. भिजलेलं पातळ हिरवं छप्पर साधारण ७५ ते १५० किलो भरतं, आणि ते वजन कायमचं असतं. म्हणजे उभ्या शेडवर माती टाकणं धोक्याचं. कॅन्टीन, ऑफिस, प्रशिक्षण केंद्र अशा स्लॅबच्या इमारतींपासून सुरुवात करता येईल, आणि नव्या शेडचा भार नकाशावरच वाढवून घ्यावा लागेल. हैदराबादला सीआयआय-गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीवर २००४ पासून हिरवं छप्पर आहे, तेव्हा हे भारतात नवंही नाही.

पाऊस मात्र आपला वेगळा. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. तिथे पंचवीस मिलिमीटर धरणाऱ्या छपराकडून मिठी नदीला आधार मिळेल असं मी म्हणणार नाही. पण मराठवाड्यात, विदर्भात, पुण्याच्या पूर्वेला वळवाचा पाऊस तासाभरात कोसळतो आणि थांबतो. त्या पावसाला असं छप्पर नक्की कामी येईल. उन्हाळ्याचा प्रश्न त्याहून कठीण. कासची बहुतेक फुलझाडं दिवाळीनंतर वाळून जातात. ती लावली तर एप्रिल-मे मध्ये, गारव्याची खरी गरज असते तेव्हा, छप्पर करडं पडेल. मातीचा थर सावली म्हणून थोडं काम करत राहील, बाष्पीभवन होणार नाही. कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी त्याला द्यायचं, की कोरड्यातही हिरवी राहणारी पानफुटीच्या कुळातली झाडं मिसळायची, हे बसल्या जागी ठरणार नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाने छपराआधी चाचणीचे वाफे केले. साताऱ्यात, संभाजीनगरात, नागपुरात एकेका स्लॅबवर दहा-बारा वाफे, प्रत्येकाच्या खाली पाणी मोजायचं भांडं, शेजारी उघडा स्लॅब आणि पर्जन्यमापक, इतकी सामग्री कुठल्याही अभियांत्रिकी किंवा कृषी महाविद्यालयाकडे असते. दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा एवढा अवधी पहिल्या निवडीला पुरेल.